नळजालाचे गणित आणि नगराची वाढ

नगराच्या सीमेवर नवी वसाहत वसवावयाची झाल्यास तिच्यासाठी पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. तथापि त्या वसाहतीस पाणी दिल्यावर जुन्या वस्तीतील नळांचा दाब किती उतरेल, हा प्रश्न अधिक बिकट होय. नळ परस्परांस जोडलेले असल्याने एका टोकाची वाढलेली मागणी साऱ्या जालास जाणवते. या परिणामाचा अंदाज आधीच बांधण्याची साधने विसाव्या शतकात सिद्ध झाली. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले एक गृहीत मात्र दीर्घकाळ तपासले गेले नाही.

नळातून वाहणारे पाणी घर्षणामुळे दाब गमावते. अॅलन हेझन व गार्डनर विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांच्या १९०५ मधील कोष्टकांमुळे रूढ झालेल्या सूत्रानुसार ही घट प्रवाहाच्या सुमारे १.८५ व्या घाताच्या प्रमाणात होते; म्हणजे त्याच नळातील प्रवाह दुप्पट झाल्यास घट जवळजवळ ३.६ पट होते. नळ झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत गेले असतील, तर प्रत्येकातील प्रवाह साध्या बेरजेने कळतो. परंतु नगरात नळांची वलये असतात. एकाच चौकात पाणी दोन बाजूंनी येते आणि कोणत्या बाजूने किती येते, हे आधी ठाऊक नसते. प्रत्येक सांध्यात येणारे व तेथून जाणारे पाणी समान असले पाहिजे, आणि कोणत्याही वलयाभोवती दाबातील घटींची चिन्हांसह बेरीज शून्य झाली पाहिजे, हे दोन नियम स्पष्ट होते. मात्र त्यांतून निघणारी समीकरणे एकघाती नसल्याने ती थेट सुटत नसत.

ही कोंडी इलिनॉय विद्यापीठातील संरचना-अभियांत्रिकीचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी फोडली. इमारतींच्या सांगाड्यातील आघूर्णांचे वाटप क्रमाक्रमाने करण्याची त्यांची रीत १९३० मध्ये प्रसिद्ध झाली होती. तोच विचार त्यांनी १९३६ मध्ये विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रयोग केंद्राच्या एका पत्रिकेत नळजालास लागू केला. सांध्यांचा नियम पाळणारे प्रवाह प्रथम अंदाजाने मांडावयाचे. मग प्रत्येक वलयात जी तफावत उरेल तिच्यावरून दुरुस्ती काढून ती प्रवाहांत घालावयाची. शेजारच्या वलयाचा तोल त्यामुळे थोडा बिघडतो. परंतु आवर्तने वाढत जातात तसतशी तफावत ओसरते. मधल्या एखाद्या आकडेमोडीत चूक झाली, तरी पुढील आवर्तनांत ती सहसा भरून निघते. कागद व सरकपट्टी एवढ्या साधनांवर हे काम होऊ लागले, हे या रीतीचे खरे यश होय.

तरीही मोठ्या नगराचे गणित हाताने करणे कष्टाचेच होते. थॉमस कॅम्प व हॅरॉल्ड हेझन यांनी १९३४ मध्येच विद्युत्-मंडलांच्या साहाय्याने प्रवाह मोजण्याचा मार्ग दाखविला होता. पुढे माल्कम मॅकिलरॉय यांच्या यंत्राने तो परिणत केला. १९५७ मध्ये होग व वाइनबर्ग यांनी क्रॉस यांची रीत अंकीय संगणकावर बसवून ती कॅलिफोर्नियातील पालो आल्टो नगराच्या जालास लावली. त्यानंतर समीकरणे एकत्रितपणे सोडविण्याच्या रीती पुढे आल्या. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एपानेट’ ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध केली, आणि नव्या वसाहतीची मागणी एखाद्या सांध्यावर चढवून साऱ्या नगराचा दाब पाहणे अल्पावधीचे काम झाले.

येथेच मूळ गृहीताकडे लक्ष वळते. या सर्व रीतींत प्रत्येक सांध्यावरील मागणी ठरलेली असे आणि ती पूर्ण होतेच, असे धरून दाब काढला जाई. पुरवठा अपुरा असल्यास गणितात एखाद्या सांध्याचा दाब शून्याखाली जाई. पण कागदावर पाणी मात्र पुरेपूर मिळालेले असे. प्रत्यक्षात उंचावरील व टोकाकडील घरांचे नळ कोरडे पडतात आणि सखल भागातील घरे आपला वाटा भरून घेतात. नागपूर येथील विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. पी. आर. भावे यांनी १९८१ मधील आपल्या निबंधात प्रश्न उलटा मांडला: उपलब्ध दाबात प्रत्येक सांध्यास पाणी किती मिळेल? दिवसातील मोजके तासच पाणी सुटणाऱ्या भारतीय नगरांच्या दृष्टीने या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावयास नको. दाबानुसार पुरवठा काढण्याची सोय ‘एपानेट’मध्ये २०२० च्या आवृत्तीत आली.

या इतिहासावरून एवढे निश्चित होते की, गणनेची गती वाढल्याने गृहीताचा दोष आपोआप जात नाही. वसाहतीस मंजुरी देताना टंचाई कोणाच्या वाट्यास येणार, हे प्रतिकृतीने दाखविले पाहिजे. मागणी पूर्ण झाली असे आधीच मानणारी प्रतिकृती नेमका तोच प्रश्न दृष्टीआड करते.