जखमेचे होन आणि निम्मं वेतन

कामाचा उरक वाढवायचा म्हटलं की हल्ली कंपन्यांना टार्गेट आणि कॅमेरे एवढंच सुचतं. आपल्या मावळचा इतिहास वेगळं सांगतो.

10 नोव्हेंबर 1659. राजधानी आपल्या वेल्ह्यातला राजगड. प्रतापगडाखाली अफझलखानाच्या फौजेशी जे लढले, त्यात भोरमधल्या कारीचे कान्होजी जेधे होते, मावळातली साधी माणसं होती. विजयानंतर महाराजांनी काय केलं, ते कृष्णाजी अनंत सभासदानं बखरीत लिहून ठेवलंय. पडलेल्यांच्या मुलांना सांभाळलं. मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन. जखमींना जखम बघून 25 ते 200 होन.

माणूस जीव ओतून कधी काम करतो? आपल्यामागं घराचं काय, ही काळजी मिटली की!

आज भोर-वेल्ह्यातली पोरं पहाटे गाडी धरून शिरवळ, खेड शिवापूरला कामाला जातात. कितीतरी कंत्राटी. मशीनमध्ये बोट गेलं तर घर कोण बघणार, हे डोक्यात घेऊन हात कसा चालेल?

गडावर जयजयकार करतोच आपण. ती निम्म्या वेतनाची गोष्ट कंपनीच्या गेटच्या आतही पोचू द्या.