औषधकायदा आणि सरकारी रुग्णालयातील रुग्ण : १९२७ ते १९८६

हिंदुस्थानातील औषधनियंत्रणाचा इतिहास सामान्यतः १९४० च्या औषधकायद्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. तथापि या कायद्याची घडण समजून घ्यावयाची असेल, तर त्यापूर्वीच्या दशकाकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात परदेशी औषधांची आयात वाढली होती आणि तिच्यावर गुणवत्तेचे कोणतेही बंधन नव्हते. हिवतापाने पछाडलेल्या देशात क्विनीनसारखे प्राणरक्षक औषधदेखील भेसळीतून सुटले नव्हते. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये या प्रश्नावर ठराव आला आणि १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. मुंबईच्या हाफकिन संस्थेशी संबंधित असलेले फादर कायस हे या समितीचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात समितीने मध्यवर्ती कायदा, मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि प्रांतोप्रांती तपासणीची व्यवस्था या गोष्टींची शिफारस केली.

शिफारस आणि अंमलबजावणी यांत सोळा वर्षे गेली. या विलंबाचे एक कारण घटनात्मक होते. १९१९ च्या सुधारणांनी वैद्यक व आरोग्य ही खाती प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविली होती, परंतु अर्थखाते राखीव ठेवले होते. म्हणजे जबाबदारी एकाची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याची. पुढे १९३५ च्या कायद्यानेही हा विषय प्रांतांकडेच ठेवल्यामुळे, प्रांतांनी संमती दिल्यावाचून मध्यवर्ती कायदेमंडळाला सर्वव्यापी कायदा करता येईना. १९३७ साली केवळ आयातीपुरते विधेयक मांडण्यात आले व ते अपुरे ठरले. १९४० साली कायदा झाला, नियम १९४५ मध्ये निघाले, आणि उत्पादन व विक्री यांसंबंधीचे प्रकरण १९४७ च्या एप्रिलमध्ये अंमलात आले. आयुर्वेदीय व युनानी औषधे तर १९६४ पर्यंत या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने औषधे हा विषय समवर्ती सूचीत आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीत घातला. कायदा मुख्यतः केंद्राचा, निरीक्षक व विश्लेषक बहुतांशी राज्याचे, आणि रुग्णालयाचा खर्चही राज्याचा, अशी ही विभागणी होती. प्रयोगशाळा आणि निरीक्षक यांवरील खर्च दिसत नाही. खाट वाढली तर दिसते. अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत या दोहोंपैकी कोणता खर्च मागे पडेल, हे सांगावयास नको.

कायद्याचे सव्वीसावे कलम या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. विकत घेतलेले कोणतेही औषध विहित शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार या कलमाने सामान्य माणसास दिला. ग्राहकाला दिलेले हे शस्त्र त्या काळच्या मानाने निःसंशय पुरोगामी होते. परंतु अधिकार दिला तो खरेदीदाराला. धर्मार्थ वॉर्डातील रुग्ण औषध विकत घेत नाही. त्याच्या वतीने शासन घेते. सबब ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यापाशी हा अधिकारही नाही. त्याच्यासाठी खरेदीदार तोच, परवाना देणारा तोच आणि तपासणाराही तोच, अशी स्थिती निर्माण झाली.

जाहिरातींच्या बाबतीत शासनाने अधिक तत्परता दाखविली. १९५४ च्या कायद्याने जादुई उपचारांच्या आणि विवक्षित रोगांवरील औषधांच्या जाहिरातींवर बंदी घातली. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यापारी जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. मात्र रोगांची यादी वाढविण्याचा कार्यकारी सत्तेस दिलेला अनिर्बंध अधिकार रद्द ठरविला. जाहिरात बंद करण्यास प्रयोगशाळा लागत नाही, हेही या तत्परतेचे एक कारण मानता येईल.

या व्यवस्थेची कसोटी मुंबईत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लागली. शासनाच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. ते घेतल्यावर मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण दगावले. हे द्रव्य दिसण्यास ग्लिसरीनसारखेच, दाट व गोडसर. उद्योगधंद्यांत त्याचा वापर होतो. त्याची घातकता अज्ञात होती असे मात्र म्हणता येत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पेयाने शंभरावर बळी घेतले ते याच द्रव्यामुळे, आणि त्यातूनच तेथे १९३८ चा कायदा जन्मास आला. म्हणजे हिंदुस्थानात आयातीचे अपुरे विधेयक चर्चेत होते, त्याच वर्षी हे विष जगजाहीर झाले होते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने १९८७ मध्ये दिलेला अहवाल केवळ एका पुरवठादारावर थांबला नाही. खरेदीतील गैरव्यवहार, राजकीय हस्तक्षेप, रुग्णालयातील अनास्था आणि अन्न व औषध प्रशासनातील शैथिल्य या सर्वांवर त्याने ठपका ठेवला. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनाही पद सोडावे लागले. चोप्रा समितीस भय होते ते परदेशी मालाचे आणि बाजारातील भेसळखोराचे. सरकारी भांडाराच्या दारातूनच विष आत येईल, अशी शक्यता धरून कायद्याची रचना झालेली नव्हती.

१९८६ सालीच संसदेने सव्वीसाव्या कलमात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त ग्राहकसंस्थांनाही तपासणीचा अधिकार दिला. ‘विकत घेतलेले औषध’ ही अट तेव्हाही कायम राहिली.