चिटाचा पडदा



माजघराच्या दारावरील फुलाफुलांचा पडदा, पलंगावरील पलंगपोस किंवा आजीच्या गोधडीचें वरचें कापड यांकडे इतिहासाचें साधन म्हणून आपण क्वचितच पाहतों. इतिहास म्हटला कीं गड, लढाया आणि तह एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु याच जातीच्या कापडानें एके काळीं इंग्लंड-फ्रान्समधील राज्यकर्त्यांची झोंप उडविली होती. त्यापायीं कायदे झाले, दंगे झाले आणि कित्येक कारागिरांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. या कापडाचें नांव चीट.

नांवापासूनच आरंभ करूं. हिंदी ‘छींट’ आणि मराठी ‘चीट’ हे एकाच कुळांतले शब्द. इंग्रज व्यापाऱ्यांनीं त्याचें ‘चिंट’ केलें, अनेकवचनीं ते ‘चिंट्स’ म्हणूं लागले, आणि पुढें तें अनेकवचनच मूळ शब्द होऊन बसलें. विलायती दिवाणखान्यांतील ज्या नक्षीस आपण साहेबी थाट समजतों, तिचें नांवसुद्धां इकडूनच गेलेलें आहे.

तिकडे या कापडाचें एवढें अप्रूप कां वाटावें? कारण त्याचा रंग जात नसे. सुती कापडावर धुतल्यानंतरही टिकणारी बहुरंगी नक्षी उठविणें सतराव्या शतकांतील युरोपीय रंगाऱ्यांस साधत नव्हतें. चोळमंडळाच्या किनाऱ्यावर, विशेषतः मच्छलीपट्टणच्या आसपास, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यांत व म्हशीच्या दुधांत भिजवीत. दुधांतील स्निग्धतेमुळें रेघ फुटत नसे. मग बांबूच्या कलमानें रेखाटन होई. लोखंडाच्या पाण्यानें काळी रेघ उठे. जेथें तांबडें हवें तेथें तुरटी लावून कापड मुळ्यांच्या रंगांत उकळीत. तुरटी असेल तेथेंच तांबडा रंग पक्का बसे, बाकीचा धुऊन जाई. निळींत बुडविण्यापूर्वीं इतर सारा भाग मेणानें झांकीत. पिवळा रंग शेवटीं हातानें भरीत, आणि तो निळ्यावर पडला कीं पानें हिरवीं होत.

ही नक्षी केवळ इकडच्याच आवडीची नव्हती. १६४३ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनीं सुरतेच्या वखारीस कळविलें कीं, गडद तांबड्या जमिनीच्या रजया येथें सर्वांस रुचत नाहींत. जमीन पांढरी ठेवून मध्यें रंगीत फुलें व फांद्या काढाव्या. गिऱ्हाईक तिकडचें आणि हात इकडचा, अशा मेळांतून हा नमुना घडला. १६६३ सालीं सॅम्युअल पीप्स या लंडनमधील अधिकाऱ्यानें पत्नीच्या नव्या अभ्यासिकेच्या भिंतींस लावण्याकरितां चीट विकत घेतलें आणि तशी नोंद रोजनिशींत केली. १७०८ सालीं तर लेखक डॅनियल डीफो तक्रार करूं लागला कीं, पडदे, उशा, खुर्च्या करीत करीत हें कापड थेट शय्यागृहांत शिरलें आहे!

या आवडीचा फटका तेथील लोंकर व रेशीम विणणाऱ्यांस बसला. फ्रान्सनें १६८६ सालीं चिटावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनें १७०० सालच्या कायद्यानें रंगीत कापडाची आयात रोखली, तरी वापर थांबेना. १७१९ सालीं लंडनच्या विणकऱ्यांनीं भर रस्त्यांत स्त्रियांच्या अंगावरील चीट फाडलें, त्यावर शाई व तेजाब फेंकलें. हें कृत्य निंद्यच. पण त्यांच्याही घरची चूल थंड होती, हें विसरतां येत नाहीं. १७२१ सालीं पार्लमेंटनें असें कापड अंगावर घालण्यास आणि घरांत वापरण्यासही मनाई केली. सुप्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या पत्नीस कलकत्त्याहून मच्छलीपट्टणच्या चिटाचे पलंगाचे पडदे भेट आले. १७७५ सालीं जकातीच्या अधिकाऱ्यांनीं ते जप्त केले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत मानानें जतन केलेले आहेत.

पण बंदीचें फळ निराळेंच निघालें. १७०० च्या कायद्यानें कोरें पांढरें कापड आणण्यास मोकळीक होती. तेव्हां तें आणून इंग्लंडांतच छापण्याचा धंदा वाढला. १७४२ सालीं केर्दू नांवाच्या फ्रेंच पाद्र्यानें दक्षिण हिंदुस्थानांतील रंगाऱ्यांकडून सारी कृति समजून घेतली व पत्रानें स्वदेशीं कळविली. १७५२ सालीं डब्लिनजवळ तांब्याच्या पत्र्यावरून छपाई होऊं लागली. १७६० सालीं ओबरकाम्फनें व्हर्सायजवळ जुई येथें कारखाना काढला. १७८३ सालीं टॉमस बेलनें तांब्याच्या कोरीव रुळांनीं छापण्याचें पेटंट घेतलें. ज्या नक्षीस कलमाला कित्येक दिवस लागत, ती रूळ पाहतां पाहतां उठवूं लागला. एकोणिसाव्या शतकांत विलायती छापील कापडाचे गठ्ठे आपल्याच बंदरांत उतरले, आणि आपल्या पूर्वजांच्या घरांत तें ‘विलायती चीट’ म्हणून कौतुकानें आलें.

यांतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. कायद्यानें माल अडतो, विद्या अडत नाहीं. पीप्सचें नांव राहिलें, गॅरिकचें राहिलें, बेलच्या नांवें पेटंट राहिलें; पण ज्यानें तो पडदा रंगविला त्याचें नांव कापडाच्या कोपऱ्यांतही नाहीं. ज्या विद्येवर धन्याचें नांव लिहिलेलें नसतें, ती परक्याच्या हातीं जाण्यास वेळ लागत नाहीं.

मीं आयुष्यभर मुलांकडून सनावळी पाठ करून घेतली. वर्गांत एखादा पडदा नेऊन दाखविला नाहीं, याची आतां चुटपुट लागते. मच्छलीपट्टणजवळ पेडणा गांवीं लांकडी ठशांनीं हें काम अद्याप चालतें. घर सजविण्यास पडदा निवडतांना ‘रंग जातो का?’ एवढें विचारून थांबूं नये. तो कोठें व कोणाच्या हातानें रंगला, हेंही विचारावें.