जवाहर द्वीप

मुंबई बंदरातील घारापुरीच्या पश्चिमेचे, खनिज तेलाची जहाजे लागणारे बेट. जुने नाव बुचर बेट.

तुर्भे-माहुल परिसरात स्टँडर्ड व्हॅक्यूम (१९५४) आणि बर्मा शेल (१९५५) या कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, त्याच सुमारास येथे तेलधक्के बांधले गेले. राष्ट्रीयीकरणानंतर हे कारखाने अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे आले (पहा : तेल उद्योग). मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचे उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले; समुद्रतळावरील नळ पूर्ण होईपर्यंत तेथील तेल जहाजांनीच किनाऱ्यावर येई (पहा : मुंबई हाय).

बेट मुख्य भूमीपासून अलग असल्याने ज्वालाग्राही माल दाट वस्तीपासून दूर उतरतो. जहाजातील तेल समुद्राखालील नळांतून कारखान्यांत जाते. बेटावर साठवणीच्या टाक्याही आहेत; ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून डिझेलच्या टाकीला लागलेली आग काही दिवस धुमसत होती.

समुद्रकिनारा नसलेल्या खानदेशाशी या बेटाचा संबंध नळमार्गाने जोडला जातो. भारत पेट्रोलियमच्या वरील कारखान्यातून निघणारा मुंबई-मनमाड नळमार्ग पेट्रोल, डिझेल इ. तयार इंधने सह्याद्री ओलांडून मनमाडजवळच्या पानेवाडी साठवण केंद्रात आणतो. तेथून टँकर मालेगावमार्गे धुळ्याकडे जातात. हाच नळमार्ग पुढे इंदूरजवळील मांगल्यापर्यंत वाढवलेला आहे. मध्ययुगात खानदेशाचा माल तापी खोऱ्यातून सुरत बंदरी जाई (पहा : खानदेश, सुरत), इंधनाची वाट मात्र दक्षिणेकडून, घाटमाथ्यावरून येते. अशा रीतीने धुळे-जळगावकडील इंधनाचा पुरवठा मुंबईच्या धक्क्यांशी जोडला गेला आहे.