ब्रसेल्सची केबल नागापुरात

मंडळी, आमच्या नागापूर एमआयडीसीत आता कुणाचीही टाइप-सी केबल मागून नवा आयफोन चार्ज करता येतो. ही ब्रसेल्सची कृपा! युरोपियन युनियनने २०२२ मध्ये फोनला टाइप-सी सक्तीचं केलं, मुदत २८ डिसेंबर २०२४. ॲपलने २०२३ मध्येच आयफोन १५ बदलला, तोही जगभर. दोन प्रकारचे फोन काढणं कुठल्या कारखान्याला परवडतंय?

सॉफ्टवेअरचं मात्र उलटं. डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ वर बाहेरची ॲप स्टोअर्स आली, पण फक्त युरोपात. मी कोड लिहितो म्हणून सांगतो, देश तपासायला एक अट पुरते. तिकडेही सगळं गोड नाही हं. त्याच कायद्याकडे बोट दाखवत ॲपलने २०२४ मध्ये मॅकवरचं आयफोन मिररिंग युरोपला दिलंच नाही. आपल्याकडे ते चालतं.