कळलावी आणि कुत्र्यांमधील विषबाधा

कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही पावसाळ्यात फुलणारी विषारी रानवेल असून ती कुत्र्यांसाठी सुरक्षित नाही. कोल्चिकेसी कुळातील या वेलीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे अल्कलॉइड असते. कंद व बिया यांत त्याचे प्रमाण विशेष असते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पानझडी जंगलांत ती झुडपांच्या आधाराने वाढते. कोरपना तालुक्यातील गडचांदूरसारख्या, जंगलापासून जवळ असलेल्या वस्त्यांत कुंपणावर शोभेसाठी चढवलेली कळलावी आणि मोकळे फिरणारे कुत्रे एकाच अंगणात असू शकतात.

नावे

प्रसूतीच्या कळा सुरू करण्यासाठी पारंपरिक वैद्यकात कंदाचा वापर होत असे, त्यावरून कळलावी हे नाव पडले. कंद नांगराच्या आकाराचा असल्याने संस्कृतात तिला लांगली म्हणतात, तर ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांमुळे अग्निशिखा. काही भागांत तिला बचनागही म्हणतात. मात्र हिमालयातील बचनाग ही वेगळी वनस्पती असून तिचे विषही वेगळे आहे. पशुवैद्याला केवळ स्थानिक नाव न सांगता फूल, पान किंवा कंद दाखवणे म्हणूनच इष्ट ठरते.

रोपवाटिकांत ही वेल ‘ग्लोरी लिली’ या नावाने विकली जाते आणि त्यातून अधिक गंभीर गैरसमज होतो. खऱ्या लिली मांजरांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, कुत्र्यांना त्यांपासून सहसा पोटाच्या तक्रारींपलीकडे त्रास होत नाही. हा दिलासा कळलावीला लागू पडत नाही.

विषाची क्रिया व लक्षणे

कोल्चिसिन पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते व पेशीविभाजन थांबवते. त्यामुळे सतत विभाजन होणाऱ्या आतड्याच्या अस्तराला व अस्थिमज्जेला प्रथम इजा होते. सुरुवातीला लाळ गळणे, ओकाऱ्या, पोटदुखी व रक्तमिश्रित जुलाब दिसतात. पुढे शरीरातील पाणी कमी होणे, रक्तदाब खालावणे, यकृत व मूत्रपिंडे निकामी होणे असा क्रम संभवतो. यातून वाचलेल्या कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी काही दिवसांनी घटू शकतात. जुलाब थांबले म्हणून धोका टळला असे समजता येत नाही.

उपचार

कुत्र्यांसाठी सहज उपलब्ध असा विशिष्ट उतारा नाही. लवकर पोहोचल्यास पशुवैद्य ओकारी करवतात, वारंवार सक्रिय कोळसा देतात, शिरेतून द्रव देतात आणि रक्ततपासणी करत राहतात. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी करवणे धोकादायक आहे. लक्षणांची वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

बागेतील धोका

फुलांपेक्षा जमिनीतील कंद अधिक धोक्याचा. पावसाळ्यानंतर वेल वाळून नाहीशी होते, कंद मात्र मातीत जिवंत राहतो. उन्हाळ्यात मोकळ्या दिसणाऱ्या वाफ्यात हाडांचे खत घातले असेल, तर त्याच्या वासाने कुत्रे नेमके तेथेच उकरतात. वाळलेल्या शेंगांतील लालभडक बियाही अंगणात सांडतात. कुत्रे पाळणाऱ्यांनी हातमोजे घालून कंद तुकड्यांसह काढावा व उकिरड्यावर टाकू नये, कारण तेथे भटकी कुत्री अन्न शोधतात. रानातील वेली उपटण्याचे मात्र कारण नाही. औषधासाठी होणाऱ्या कंदखोदाईने त्या अनेक ठिकाणी आधीच विरळ झाल्या आहेत.