फिरत्या दांड्याचे नाव

१८२२ मध्ये क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच खाण-अभियंत्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला एक निबंध सादर केला. पाण्याच्या जोराने वेगात फिरणाऱ्या यंत्रांना त्याला नाव हवे होते. लॅटिन भाषेत वावटळीला आणि मुलांच्या खेळण्यातील भोवऱ्याला ‘टर्बो’ हा एकच शब्द आहे. त्यावरून त्याने ‘टर्बाइन’ हा शब्द घडविला. पाच वर्षांनी त्याचा शिष्य बेन्वा फुर्नेरों याने उपयोगी पडेल असे टर्बाइन उभे केले. मराठीत नदीत गरगरणाऱ्या पाण्यालाही भोवरा म्हणतात आणि जाळी गुंडाळून फेकलेल्या खेळण्यालाही. ब्युर्दँने शोधून काढलेली प्रतिमा आपल्या भाषेत आयतीच होती.

अशा यंत्राचे मुख्य अवयव दोन : मधला फिरता दांडा आणि त्यावर बसविलेली पाती. या अवयवांची नावे कोणत्याही भाषेने पंडितांना विचारून ठेवलेली नाहीत. टर्बाइनच्या पात्याला जर्मन कारागीर ‘फावडे’ म्हणतो, फ्रेंच कारागीर ‘चिमुकला पंख’ म्हणतो. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे पान. आणि आपले ‘पाते’ गवताचेही असते, सुरीचेही, डोळ्याचेही. दांड्याच्या बाबतीत तर फ्रेंच ‘झाड’ म्हणतो, जर्मन ‘लाट’ म्हणतो (पाण्यावरची लाट), आणि इंग्रजी शब्द भाल्याच्या काठीवरून आलेला आहे. मौज अशी की लाट हा शब्द मराठी चरकातही आहे. उसाचा रस काढणारा तो फिरता लाकडी रूळ म्हणजे लाट. दोन लाटांचा उगम वेगळा असेल. योगायोग मात्र आम्हांला सुखावतो.

आमच्या बेळगाव भागात ही यंत्रे लवकर आली. गोकाकला घटप्रभेच्या धबधब्याच्या बळावर १८८७ मध्ये सूतगिरणी सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातच सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचे यंत्र बनविले. फिरत्या चाकावर पाती बसविलेले हे यंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यात गेले ते याच साध्या नावाने, आणि कोणाला अर्थ विचारावा लागला नाही.

पुढे शब्द सरकारी मेजावर घडू लागले. वडोदऱ्यात १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनाने देशी भाषांतून तंत्रशिक्षण देण्याचा मार्ग धरला होता. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी उर्दूत शास्त्रीय परिभाषा घडविण्याचा मोठा उद्योग झाला. स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, केंद्र सरकारने शब्दावली आयोग नेमला. आंतरराष्ट्रीय संज्ञा शक्यतो तशाच ठेवाव्यात हे त्याचे धोरण होते. त्यामुळे टर्बाइन तसेच राहिले, आणि ते योग्यच झाले. भोवऱ्याचा आग्रह आम्हीही धरणार नाही. घोटाळा होतो तो दांड्यापाशी. संस्कृतातील ‘अक्ष’ हाती धरला, की भूमितीतील कल्पित रेषा, गाडीचा आस आणि यंत्राचा फिरता दांडा या तिन्ही वस्तू एका शब्दात कोंबल्या जातात. बैलगाडीचा आस फिरत नाही. तो जागच्या जागी असतो, चाके त्याच्याभोवती फिरतात. यंत्राचा दांडा मात्र स्वतः फिरतो आणि गती पुढे पोहोचवितो.

हा भेद केवळ कोशकारांच्या जिव्हाळ्याचा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने मूळ गती देणाऱ्या यंत्राच्या प्रत्येक हलत्या भागाला आणि गती पोहोचविणाऱ्या साधनांना भक्कम कुंपण घालण्याची सक्ती केली. या साधनांच्या व्याख्येत पहिलाच शब्द होता तो या दांड्याचा. पाणचक्की व टर्बाइन यांच्याकडे पाणी आणणारे आणि तेथून वाहून नेणारे पाटसुद्धा त्याच कलमात होते. ज्याने जन्मभर गाडीचा स्थिर आस पाहिला, त्या कामगाराला ‘आसापासून दूर राहा’ असे सांगितले, तर तो चाकाला भिईल आणि धोतराचा सोगा मात्र दांड्याजवळ नेईल.

त्याच अधिनियमाच्या कलम १०८ कडे आम्ही सीमाभागातील वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे ते सांगत असे. राज्याची भाषा, जिल्ह्याची भाषा, असे शब्द तेथे नव्हते; मोजायचे ते त्या छपराखालचे कामगार. जेथे बहुसंख्य कामगार मराठी, तेथे मराठी पाटी ही मेहेरबानी नव्हे, मालकावरील कायदेशीर बंधन होते. सीमाप्रश्नावरील आमच्या लढ्यात मोठमोठ्या अहवालांचा कीस निघाला, पण या एका ओळीचा उपयोग फार थोड्यांनी केला. पाटीचा मजकूर आमच्याकडे कोणी मागितला, तर आम्ही ‘घूर्णन’ आणि ‘अक्षदंड’ बाजूला ठेवून लिहू : ‘दांडा आणि पाती फिरत असताना कुंपणाच्या आत हात घालू नये. सैल कपडे घालून जवळ जाऊ नये.’